मंदीतील भातजमिनीची खरेदी : शहापूर व मुरबाड, १९२९–१९५७

जमिनीचा भाव उतरला म्हणजे जमीन स्वस्त झाली, ही समजूत आर्थिक इतिहासाच्या लेखनात पुष्कळदा न तपासताच स्वीकारली जाते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या लगतच्या तालुक्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला, त्यावरून ही समजूत कितपत ग्राह्य आहे हे पाहता येते. भाव पडलेल्या काळात जमीन घ्यावी की न घ्यावी, असा तो प्रश्न होता; आणि तो प्रत्येकापुढे सारख्याच अर्थाने उभा नव्हता.

सह्याद्रीच्या पायथ्याचे हे दोन्ही तालुके भाताचे. शहापूर तालुक्यातून मुंबई-आग्रा रस्ता जातो. लोहमार्ग १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचला. मुरबाडला लोहमार्ग लाभला नाही. तेथील भाताची वाट कल्याणच्या बाजाराकडे जाई. शेतीचे स्वरूप मात्र दोन्हीकडे एकच होते. भातखाचराची किंमत केवळ त्याच्या क्षेत्रावर ठरत नसे. रोपाच्या जागेवर राब भाजण्यासाठी पाला, गवत व टहाळ लागे आणि त्याकरिता वरकस जमीन किंवा जंगलातील सवलत हाताशी असावी लागे. वरकसावाचून घेतलेले खाचर म्हणजे अर्धीच खरेदी. त्यातच बैलजोडी व हंगामातील मनुष्यबळ यांची भर घातली, म्हणजे खरेदीखतातील रक्कम ही एकूण खर्चाचा एक भाग तेवढी होती, हे ध्यानात येते.

मंदीच्या पहिल्या चार वर्षांत हिंदुस्थानातील शेतमालाचे भाव स्थूलमानाने निम्म्यावर आले. शेतसारा मात्र रोख रुपयांत ठरलेला होता व जुन्या कर्जाचा आकडाही रुपयांतच होता. येथेच स्वस्ताईचा भ्रम उलगडतो. उदाहरणादाखल असे समजावे की, एका खाचराची किंमत २०० रुपयांवरून १२० रुपयांवर आली आणि भाताचा दर मणाला ४ रुपयांवरून २ रुपयांवर घसरला. पूर्वी ते खाचर घेण्यास ५० मण भात विकावे लागले असते. आता ६० मण लागेल. रुपयांत उतरलेली जमीन भातात महागली. ज्याची मिळकत केवळ भाताची, त्या शेतकऱ्याला पडलेल्या भावाचा लाभ घेता येणे दुरापास्त होते.

ज्यांच्या घरी सोने होते त्यांची स्थिती वेगळी होती. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडला, रुपया पौंडाशी बांधलेलाच राहिला आणि सोन्याचा भाव तोळ्यामागे सुमारे २१ रुपयांवरून १९३४ पर्यंत ३० रुपयांच्या पुढे गेला. त्या वर्षांत देशातून फार मोठ्या प्रमाणावर सोने बाहेर गेले. त्यात सारा व व्याज भागवण्यासाठी मोडलेले डागही होते. सोने चढलेले आणि जमीन उतरलेली, हा अपूर्व योग होता. पण तो साधण्यासाठी सारा भरून उरेल इतके सोने घरात असावे लागे. ठाकूर, कातकरी किंवा महादेव कोळी यांच्या घरी ते असण्याचा संभव तो किती?

उरला सावकार. पावसाळ्यात धान्याची खावटी द्यायची आणि सुगीला ती वाढीसह वसूल करायची, हा त्याचा परिपाठ. भात निम्म्या भावाने विकले जाऊ लागताच रोख कर्जाची वसुली थांबली आणि जमीन हेच एक तारण उरले. फेरफाराच्या नोंदवहीत जी खरेदी म्हणून दिसते, ती पुष्कळदा जुन्या कर्जाची अखेर असे. अशा व्यवहारात ‘खरेदीचा निर्णय’ हा शब्दप्रयोगही थोडा धाडसाचाच ठरतो. सावकारही सर्वस्वी सुखात नव्हता: खंड भातात यायचा, सारा रोख भरायचा, आणि जमीन पुन्हा त्याच कुळाकडे कसण्यास द्यावी लागायची. डी. सिमिंग्टन यांच्या मुंबई प्रांतातील वन्य जमातींविषयीच्या अहवालात आदिवासींच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्याची नोंद आहे.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये नेमके उलट चित्र दिसते. जून १९३२ मध्ये तेथील बँक दर २ टक्क्यांवर आला, गृहबांधणी मंडळ्यांकडे ठेवी होत्या आणि नियमित पगार टिकलेल्या मध्यम वर्गाने हप्त्याने घरे घेतली. दशकाच्या मध्यास वर्षाला सुमारे ३ लाख घरे उभी राहत होती. मंदी तेथे काहींना घर देऊन गेली, कारण पगार व पतसंस्था दोन्ही जागेवर होत्या. मुंबई प्रांतात प्रांतिक सहकारी भूतारण बँक निघाली ती १९३५ मध्ये, आणि तिचे मुख्य काम जुनी देणी फेडण्याचे होते.

कायद्याच्या दृष्टीने हे दोन शेजारी तालुके एका पातळीवर नव्हते. १९३६ च्या आदेशाने शहापूर अंशतः वर्जित क्षेत्रात गेला, मुरबाड गेला नाही. त्यामुळे १९३५ च्या घटना-कायद्यानुसार प्रांतिक विधिमंडळाचा कायदा शहापुरास लागू होण्यास गव्हर्नरची अधिसूचना आवश्यक ठरली. संरक्षणाची ही कल्पना जुनीच होती. १९०१ मध्ये सरकारजमा झालेल्या जमिनी विक्रीचा हक्क काढून घेऊन देण्याची तरतूद आली, तेव्हा फिरोजशहा मेहता व गोखले यांनी तिला कडाडून विरोध करून सभात्याग केला होता. विकता न येणाऱ्या जमिनीवर पत मिळत नाही, हा आक्षेप खोटा नव्हता. परंतु मंदीने दाखवले ते असे की, विकता येणाऱ्या जमिनीवर मिळालेली पतच अखेर जमीन घेऊन जाते.

१९३९ नंतर युद्धाने धान्याचे भाव चढले आणि मंदीत घेतलेली जमीन काही काळ उत्तम खरेदी ठरली. १९४८ च्या कूळकायद्याने व त्याच्या पुढील दुरुस्तीने हा हिशेब उलटला. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. किंमत आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान न्यायाधिकरणाने ठरवायची होती आणि ती हप्त्यांनी देण्याची सोय होती. जमीन स्वतः न कसणाऱ्या खरेदीदाराचा मंदीतील लाभ त्यामुळे पुष्कळ अंशी संपला.

आता खरेदीचा प्रश्न कुळापुढे आला. न्यायाधिकरणाची नोटीस आल्यावर जो हजर राहिला नाही, किंवा घेण्याची इच्छा नाही असे ज्याने सांगितले, त्याची खरेदी निष्फळ ठरत असे. ज्या घराची खावटी अजून मालकाच्याच कणगीतून येत होती, त्याने मालकाच्या देखत ‘घेतो’ म्हणणे सोपे नव्हते. पुढे कायद्यात दुरुस्ती करून अशा कुळांना आणखी एक संधी द्यावी लागली.