धावांचा ढीग आणि रिकामं कपाट: महाराष्ट्राच्या रणजी संघाची आणि आमच्या औंढ्याची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका प्रश्नाने करतो. महाराष्ट्राच्या संघाने रणजी करंडक शेवटचा कधी जिंकला? गुगल करू नका, मनातल्या मनात उत्तर द्या.

बरेच जण म्हणतील, अरे, मुंबई तर जिंकतच असते की! थांबा. मुंबई वेगळी आणि महाराष्ट्र वेगळा. क्रिकेटच्या नकाशावर आपल्या एका राज्याचे तीन संघ आहेत. मुंबईने २०२३-२४ ला ४२ वी रणजी जिंकली. विदर्भाने २०२४-२५ ला तिसरी. आणि उरलेला महाराष्ट्र, म्हणजे पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर आणि आपला अख्खा मराठवाडा? आपल्याकडे दोन. दोन्ही लागोपाठ, १९३९-४० आणि १९४०-४१. त्यानंतर एकही नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथचा. आणि मी याच संघाचा चाहता आहे. आयपीएलवाल्यांना सांगतो, हे दुखणं वेगळं असतं. दर ऑक्टोबरला वाटतं की यंदा काहीतरी होणार. मग मोबाईलवर स्कोअरकार्ड उघडून बसायचं, कारण आपला सामना टीव्हीवर दिसेलच याचा भरवसा नाही. आणि बहुतेक वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत साखळी सामने संपले की आपण घरी आणि दुसरेच कुणीतरी बाद फेरीत.

आता नवा हंगाम आला की मला दोन प्रश्न सतावतात. एक, हा संघ खरंच आमचा आहे का? आणि दोन, तो का जिंकत नाही? दोन्हींची उत्तरं इतिहासात आहेत, म्हणून आज थोडं मागे जाऊ.

पहिली गंमत ही की महाराष्ट्र नावाचा संघ महाराष्ट्र राज्याच्या पंचवीस वर्षं आधीचा आहे. १९३४-३५ ला रणजी सुरू झाली तेव्हापासून तो खेळतोय. राज्य झालं १ मे १९६० ला. संघाचं केंद्र पुणे, आणि कर्णधार प्राध्यापक दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे. म्हणजे वर्गात कालिदास आणि मैदानावर कव्हर ड्राइव्ह. १९३९-४० ला त्यांच्या संघाने पुण्यात संयुक्त प्रांताला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशला, १० गडी राखून हरवलं. पुढच्या वर्षी मद्रासला जाऊन मद्रासला हरवलं. त्या दुसऱ्या हंगामात देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. वय किती? ४८ वर्षं! आज ३५ च्या खेळाडूला आपण म्हातारा म्हणतो.

त्याच संघात विजय हजारे होते. १९३९-४० ला त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. रणजीतलं ते पहिलं त्रिशतक. देशातल्या दोन स्पर्धांना देवधर आणि हजारे यांची नावं दिली गेली. म्हणजे करंडकावर आमची माणसं आहेत, करंडक मात्र आमच्याकडे नाही.

आता बघा, हे सगळं पुण्यात चाललं होतं तेव्हा औंढा कुठे होता? परभणी जिल्ह्यात, आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पुणे ब्रिटिशांच्या मुंबई प्रांतात. म्हणजे नकाशाच्या हिशेबाने आमचा संघ हैदराबाद होता. आणि त्या हैदराबादने १९३७-३८ ला नवानगरला अवघा एक गडी राखून हरवून रणजी जिंकलीही होती. तेव्हा आमच्या भागातल्या कुणी त्याचा जल्लोष केला असेल असं मला वाटत नाही. जिथे स्वतःच्या भाषेत शिकण्यासाठी झगडावं लागत होतं, तिथे संस्थानच्या संघासाठी कोण टाळ्या वाजवणार?

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. मराठवाड्यातल्या प्रत्येक लेकराला ही तारीख पाठ असते, शाळेत झेंडावंदन असतं. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, डिसेंबरात, पुण्यात महाराष्ट्राचा काठियावाडशी सामना झाला. भाऊसाहेब निंबाळकर फलंदाजीला होते. ते ४४३ वर नाबाद. तेव्हाचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. फक्त १० धावा हव्या होत्या. आणि समोरच्या संघाने खेळायलाच नकार दिला, सामना सोडून दिला! आपल्या गोलंदाजीवर जगाचा विक्रम मोडलेला त्यांना नको होता. महाराष्ट्राच्या धावा होत्या ४ बाद ८२६. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

त्याच हंगामात पुण्यात मुंबईशी उपांत्य सामना. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७. मुंबई पुन्हा ७१४, महाराष्ट्र ६०४. बेरीज २,३७६. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या एका सामन्यातल्या धावांचा तो विक्रम आहे. नऊ शतकं झाली. महाराष्ट्राने दोन डावांत हजारावर धावा काढल्या आणि तरी ३५४ धावांनी हरला.

हा आकडा लक्षात ठेवा मंडळी, त्याच्याकडे परत यायचंय.

१९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे ज्या महाराष्ट्राने रणजी जिंकली त्यात आम्ही नव्हतो, आणि आम्ही आल्यापासून त्याने ती जिंकलेली नाही. वाशीमचा माझा एक मित्र म्हणतो, अपशकुन तुमचाच आहे. पैनगंगेच्या पलीकडून बोलायला सोपं असतं.

अपशकुन वगैरे सोडा, पण जवळ जाऊन हुकण्याची यादी मोठी आहे. १९७०-७१ चा अंतिम सामना मुंबईशी. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर हे सगळे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजला. सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा दुसऱ्या फळीचा संघ उतरला. यापेक्षा चांगली संधी कोणती? महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. १९९२-९३ ला लुधियानात पंजाबविरुद्ध अंतिम सामना, तोही गेला.

मग आलं २०१३-१४. आमच्या पिढीची ही गोष्ट. त्या वर्षी महाराष्ट्र क गटात, म्हणजे खालच्या पायरीवर होता. तिथून वर आला आणि उपांत्यपूर्व सामन्यात वानखेडेवर थेट मुंबई. पहिल्या डावात मुंबई ४०२, महाराष्ट्र २८०. संपलं, असं वाटलं. मग आपल्या गोलंदाजांनी मुंबईला १२९ मध्ये गुंडाळलं. २५२ चं लक्ष्य, आणि केदार जाधव नाबाद १२०, विजय झोल नाबाद ९१. आठ गडी राखून जिंकलो! उपांत्य सामन्यात इंदूरला बंगालचा डाव ११४ मध्ये संपवला. केदारने त्या हंगामात १,२२३ धावा केल्या, देशात सगळ्यात जास्त.

अंतिम सामना कुठे असावा? हैदराबादला. ज्या शहरातून कधीकाळी आमच्यावर राज्य चाललं, तिथे आता आमचा संघ महाराष्ट्र म्हणून उतरला होता. विजय झोल जालन्याचा, अंकित बावणे संभाजीनगरकडचा. बावणेने पहिल्या डावात ८९ केल्या, दुसऱ्यात केदारने शतक ठोकलं. पण मध्ये कर्नाटकाने ५१५ धावांचा डोंगर उभा केला होता. सात गड्यांनी हरलो.

पण माझ्यासाठी पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. संघ आपला होतो तो नकाशावरच्या रेषेने नाही. १९३७-३८ ला रेषेने हैदराबाद आमचं होतं, मनाने नव्हतं. जालन्याचं पोरगं वानखेडेवर मुंबईला हरवत उभं राहतं तेव्हा संघ आपला होतो.

आता दुसरा प्रश्न. का जिंकत नाही?

शेजारी बघा. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की विदर्भ. औंढ्याहून पुण्यापेक्षा नागपूर जवळ. त्या विदर्भाने २०१७-१८ पर्यंत एकही रणजी जिंकली नव्हती, आणि मग सात-आठ वर्षांत तीन. पहिल्या वेळी काय केलं? चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक, वसीम जाफरसारखा अनुभवी पाहुणा, आणि मुख्य म्हणजे रजनीश गुरबानी. उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध त्याने १२ बळी घेतले आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक. लक्षात आलं का? करंडक आणला गोलंदाजाने.

आता आपले विक्रम आठवा. ४४३ नाबाद: फलंदाजी. २,३७६ चा सामना: फलंदाजी. २०११ ला विजय झोलने १९ वर्षांखालील कूचबिहार स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या: फलंदाजी. २०१६ ला दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८, दोघांची अभेद्य ५९४ धावांची भागीदारी. डोळे दिपतील असा आकडा. मग दिल्लीकडून ऋषभ पंतने ३०८ केल्या आणि सामना अनिर्णित! आमचं घर धावांनी भरलेलं आहे. विकेटांचं कपाट रिकामं.

रणजीचं गणित इथे समजून घ्या. साखळीत सात सामने. निर्णायक विजयाला ६ गुण. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेतली तर ३, नाहीतर १. गटातून दोनच संघ पुढे. चार दिवसांत २० गडी बाद केले तरच ६ गुण मिळतात. नुसत्या धावा काढत बसलं की ३ वर समाधान, आणि नशीब वाईट असेल तर १.

नशीब किती वाईट? जानेवारी २०२३, ब्रेबॉर्न, मुंबईविरुद्ध शेवटचा साखळी सामना. आमच्या तालुक्यात दुधाळ्याला लायगो प्रयोगशाळा होतेय, अणूच्या केंद्रापेक्षाही बारीक हालचाल टिपणारी. ती यंत्रं लावली असती तरी त्या सामन्यात फरक सापडला नसता. पहिला डाव, महाराष्ट्र ३८४. मुंबई, ३८४! आघाडी कुणालाच नाही. सामना अनिर्णित आणि दोन्ही संघ बाहेर. एक धाव हो, फक्त एक! केदारचं शतक त्यातही होतं. आणि एक विकेट थोडी आधी पडली असती तरी चाललं असतं.

अलीकडचं सांगायचं तर २०२५-२६ च्या पहिल्याच सामन्यात केरळविरुद्ध धावफलक होता शून्यावर तीन बाद. ऋतुराज गायकवाडने ९१ करून डाव सावरला. पुढे चंदीगडविरुद्ध नव्याने आलेल्या पृथ्वी शॉने २२२ ठोकल्या आणि सामना जिंकला. एका महिन्यात दोन्ही टोकं. आणि चाहत्याची नेहमीची धास्ती आहेच: ऋतुराजसारखा माणूस फॉर्मात आला की भारताचं बोलावणं येतं, आणि आपण आनंद मानायचा की डोकं धरायचं, हे कळत नाही. तशी ही सवय जुनीच. हजारे दोन विजेतेपदांनंतर बडोद्याकडे गेले आणि १९४२-४३ ला बडोद्याने रणजी जिंकली.

मग आशा कशाची? माझी आशा आमच्याच मातीत आहे. संभाजीनगरच्या इक्बाल सिद्दीकीने २००१ ला मोहालीत इंग्लंडविरुद्ध भारताकडून नवा चेंडू हातात घेतला होता. तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर २०२२ ला १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता, वेगवान गोलंदाज. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करून भारताला अंतिम फेरीत नेलं. म्हणजे पोरं निघतात. अडचण वाटेची आहे. आमच्याकडे टेनिस बॉलवर दणादण टाकणारा पोरगा प्रत्येक गावात सापडेल. त्याला लेदर बॉल, टर्फ विकेट आणि बघणारा प्रशिक्षक मिळेपर्यंत तो एकवीस-बावीसचा होतो आणि पुण्यात खोली घेऊन राहणं घरच्यांना परवडत नाही. फलंदाज घराच्या गच्चीवरही घडतो म्हणतात. वेगवान गोलंदाजाला मात्र खुराक लागतो, जिम लागते, दुखापत झाली तर सांभाळणारं कुणीतरी लागतं. तो खर्च गावाकडून होत नाही, तो व्यवस्थेलाच करावा लागतो. विकेटांचं कपाट रिकामं राहण्याचं एक कारण हे आहे, असं माझं मत आहे.

आमच्या औंढ्यात संत नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची गोष्ट सांगतात. नंदी आजही पाठीमागे दाखवतात. पण देऊळ फिरण्याआधी नामदेव मागच्या बाजूला बसून कीर्तन करत राहिले होते, हेही गोष्टीत आहेच ना? आम्ही मागच्या बाकावरचे चाहते तेवढंच करू शकतो.

तेव्हा येत्या हंगामात माझ्याबरोबर एक गोष्ट करा. महाराष्ट्राचं स्कोअरकार्ड उघडलं की आधी शतक कुणाचं ते बघू नका. खाली सरका, गोलंदाजीच्या रकान्यात जा. कुणी पाच घेतले का, समोरचा संघ दोनदा बाद झाला का, एवढंच बघा. तो रकाना भरायला लागला, की समजा आपलं वर्ष आलं.