न्यूनेनची मनिऑर्डर

भारतातून पाहुणे आले की त्यांना न्यूनेनमधलं व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं घर दाखवायचं, हा आम्हा मराठी मंडळींचा शिरस्ताच आहे. वडील इथे धर्मोपदेशक होते. डिसेंबर १८८३ मध्ये व्हिन्सेंट त्यांच्याकडे राहायला आला. ‘बटाटे खाणारे’ हे १८८५ चं चित्र इथलंच. मला मात्र त्या घरापाशी दुसरंच आठवतं. या थोरल्या मुलाचा खर्च चालायचा तो पॅरिसहून! धाकटा भाऊ थिओ तिथे चित्रविक्रीच्या पेढीत नोकरीला होता आणि नियमाने पैसे पाठवी.

वाचकहो, कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माझे आजोबा परळच्या गिरणीत, आजी रत्नागिरी जिल्ह्यात, आणि दोघांच्या मधे पोस्टमन. २०११ च्या जनगणनेतही त्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. माणूस बाहेर आणि पैसा आत, हा सगळा हिशेब त्या एका आकड्यात आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गावोगावच्या मनिऑर्डरी आटल्या.

न्यूनेनचंही नशीब असंच बाहेरच्या मिळकतीवर फिरलं. व्हिन्सेंटने रंगवलेले विणकर घरातल्या मागावर राबत आणि गरीबच राहत. १८९१ मध्ये शेजारच्या आइंडहोवनला फिलिप्स सुरू झाली, १९८४ मध्ये एएसएमएल. आता कमवायचं तिकडे आणि राहायचं इथे. आमच्यासारखी कुटुंबं त्याच वाटेने आली.

आल्याबरोबर नगरपालिकेने आमची नावं नोंदवून घेतली. गंमत अशी, की माझ्या पगारावरचा प्राप्तिकर जातो केंद्र सरकारकडे. नगरपालिकेला मिळते घरपट्टी. म्हणजे गाव माणसं मोजतं, मिळकत नाही. बारा महिन्यांत आठ महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहायचं असेल, तर मात्र जात असल्याचं कळवून नाव कमी करावं लागतं.

हा नियम मी अलीकडे दोनदा वाचला. आई गावी एकटी असते. दर महिन्याला तिच्या खात्यात पैसे जमा होतात. परवा फोनवर म्हणाली, “पैसे पुरे झाले रे, आता तूच ये.” मुलगी इथे जन्मली, तिची शाळा इथे. अजून काही ठरलेलं नाही.

नोव्हेंबर १८८५ मध्ये व्हिन्सेंट न्यूनेन सोडून अँटवर्पला गेला. चित्रं मागेच राहिली. पुढच्या वर्षी आई ब्रेडाला राहायला गेली, तेव्हा त्या पेट्या एका सुताराकडे ठेवल्या गेल्या आणि पुढे जुन्या सामानवाल्याला कवडीमोलाने विकल्या गेल्या. घर हलतं तेव्हा माणसं दप्तरात मोजली जातात, पैसा बँकेत. मागे काय राहिलं, ते मोजायचं काम घरच्यांचंच. आजीने ते केलं असणार. तिला कोणी विचारलं नाही. आईला मी या खेपेस विचारणार आहे.