कविता न आवडण्याचं कारण

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कवितेवर एक ठरलेली कृती असते. कवी कोण ते सांगा, विषय सांगा, ओळींचा सरळ अर्थ लिहा, आणि शेवटी कविता आवडण्याचं किंवा न आवडण्याचं कारण लिहा. कांजूरमार्ग पूर्वेला आमच्या इमारतीतली चार-पाच मुलं रविवारी सकाळी मराठीचा अभ्यास घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या वह्या मी दोन वर्षं बघतेय. 'न आवडण्याचं' कारण लिहिलेलं मला जवळपास कुठेच दिसलं नाही. सगळ्यांना सगळ्या कविता आवडतात, आणि त्याही एकाच कारणासाठी: भाषा साधी, सोपी आणि ओघवती आहे म्हणून.

हे कुठून आलं, याचा शोध घेताना मी इतिहासात बरीच मागे गेले. मराठी मुलांना कविता छापील पानावर देऊन 'आता यावर लिही' असं सांगायची पद्धत फार जुनी नाही. त्याआधी ज्ञानेश्वर, तुकाराम, मोरोपंत लोकांपर्यंत पोचायचे ते प्रामुख्याने कानांवाटे. कीर्तनकार ओवी गायचा, तिचा अर्थ उलगडायचा, मध्येच एखादी गोष्ट सांगायचा. ऐकणाऱ्याला ती ओवी पाठ व्हायची, पण तिच्यावर लिहायला त्याला कुणी सांगत नसे.

1854 मध्ये परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी जुन्या मराठी कवितेतले वेचे निवडून एक पुस्तक केलं. त्याचं नाव 'नवनीत'. हो, 'नवनीत'. आज तो शब्द उच्चारला की दहावीच्या मुलांना गाइड आठवतं, पण मूळ 'नवनीत' म्हणजे कवितेच्या दुधातून काढलेलं लोणी. हे पुस्तक अनेक पिढ्या शाळांमध्ये चाललं. त्याच सुमारास पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर मेजर थॉमस कँडी देखरेख करत होते. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. कीर्तनात गायली जाणारी कविता आता पानावर गप्प उभी होती आणि समोर एक विद्यार्थी बसला होता. त्या विद्यार्थ्याने कवितेचं काय करायचं? शाळेने दिलेलं उत्तर सोपं होतं: कठीण शब्दांचे अर्थ लिहायचे आणि कविता गद्यात उतरवायची.

पण त्याच पुण्यात, 'नवनीत' आल्यानंतर वर्षभरातच, एका विद्यार्थिनीने वेगळंच काही केलं. मुक्ता साळवे जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकत होती. मांग समाजातली ही मुलगी तेव्हा साधारण 14 वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकाने 1855 मध्ये, फेब्रुवारी आणि मार्चच्या दोन अंकांत छापला. इमारतींच्या पायात जिवंत पुरलेली माणसं, पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाण्याची मिळणारी शिक्षा, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायका, हे सगळं त्यात आहे. पण मला त्यातला सगळ्यात धारदार भाग वाटतो तो वेदांविषयीचा. तिचा युक्तिवाद थोडक्यात असा: वेद आमचेच, ते आम्हीच वाचायचे, असं ब्राह्मण म्हणतात, मग आमच्याकडे धर्माचं पुस्तकच नाही, हे उघड झालं, आणि ज्यांना पुस्तक नाही, त्यांनी कुठल्या धर्माने वागायचं?

वेदांचा अर्थ तिला विचारला असता, तर तिला तो सांगता आला नसता, कारण तो वाचायची तिला मुभाच नव्हती. तिने पुस्तकाला अर्थाच्या आधीचा प्रश्न विचारला: तू कुणासाठी आहेस, आणि तुझ्यात मी कुठे आहे? खोलवर वाचणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत सापडलेलं नाही.

त्याच्या जवळ जाणारं एक मात्र सापडलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे शाळेत गेल्या नव्हत्या, वडिलांनी त्यांना घरीच शिकवलं. 1882 मध्ये त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापून निघालं. त्याचं निमित्त होतं सुरतेच्या एका विधवेवरचा खटला आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर उठवलेली झोड. पण ताराबाई वर्तमानपत्रांपाशी थांबत नाहीत. त्या 'मुक्तामाला' कादंबरीकडे वळतात, 'मनोरमा' नाटकाकडे वळतात, आणि यातल्या बायका अशा का रंगवल्यात, तसंच वागणारे पुरुष लेखकांना दिसत का नाहीत, असं विचारतात. कादंबरीतल्या बाईला आपल्या आजूबाजूच्या बायकांशेजारी उभं करून बघणं, ही सरळसरळ समीक्षा आहे. त्या पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुले 'सत्सार'मध्ये ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले.

मुक्ता आणि ताराबाई, दोघींचंही लेखन कुणी नेमून दिलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. प्रश्न त्यांचे स्वतःचे होते. वर्गातल्या साहित्याची वाट मात्र दुसरीकडे गेली. तिथे प्रश्न शिक्षकाचा, उत्तर पुस्तकाचं आणि विद्यार्थ्याचं फक्त अक्षर.

हा रोग फक्त आपला नाही. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता वाचायला दिल्या आणि मनात येईल ते लिहा, असं सांगितलं. अशा 13 कवितांवरच्या लिखाणाचं पुस्तक 1929 मध्ये आलं. इंग्लंडमधल्या उत्तमोत्तम शाळांतून आलेली ही मुलं पार गोंधळून गेली होती. नामवंत कवींना त्यांनी मोडीत काढलं आणि सुमार कवितांना डोक्यावर घेतलं. रिचर्ड्सने नोंदवलेल्या अडचणींतली एक मला महत्त्वाची वाटते, ती म्हणजे साचेबंद प्रतिसाद. कवितेत आई दिसली की गहिवरायचं, देश दिसला की छाती फुगवायची. कवितेतली आई नेमकी कशी आहे, हे बघायच्या आधीच वाचणाऱ्याची भावना तयार असते.

मराठी शिक्षकांमध्येही हा साचा मोडू पाहणारे होतेच. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. पुण्यात कॅम्पमधल्या शाळेचे हेडमास्तर असलेले प्र. के. अत्रे यांनी 'नवयुग वाचनमाला' केली, पाठ्यपुस्तक मुलांना कंटाळवाणं वाटू नये म्हणून. याच अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये त्या काळच्या कवींची विडंबनं केली. एखाद्या कवीचं विडंबन करायचं तर त्याची लय, लाडके शब्द आणि त्याची खोड, सगळं बारकाईनं वाचावं लागतं. विडंबनाइतका कसून करून घेतलेला वाचनाचा अभ्यास दुसरा नाही, असं माझं मत आहे.

आज रसग्रहणाला तीन कप्पे आहेत: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. कप्पे वाईट नाहीत. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहिते. साचा असला की काम लवकर सुरू होतं, हे मला माहीत आहे. पण साच्यात भरायला आपलं काहीतरी लागतं. ते नसेल तर साचाच उत्तर होऊन बसतो. गाइडला शिव्या घालूनही उपयोग नाही. तेच उत्तर, तेच मार्क हा व्यवहार चालू आहे, तोवर कुणीतरी गाइड काढणारच.

आमच्या रविवारच्या मुलांमध्ये एक मुलगी आहे. तिची आई पवईच्या टॉवरांमध्ये चार घरची कामं करते. मागच्या वर्षी आम्ही आईवरची एक कविता वाचत होतो. कवितेतली आई सतत राबते आणि हसत असते. मी सगळ्यांना सांगितलं, आज फक्त 'न आवडण्याचं' कारण लिहायचं, पण पुरावा म्हणून कवितेतला एक शब्द दाखवायचा. तिने दोनच ओळी लिहिल्या. ही आई थकत नाही, माझी आई थकते. आणि ती थकली की आमच्यावर ओरडते, पण ते कुठल्याच कवितेत येत नाही. पुरावा म्हणून तिने 'हसत' या शब्दाखाली रेघ मारली होती. मग विचारलं, "ताई, असं लिहिलं तर मार्क जातील का?"

मी म्हटलं, प्रश्नातच 'न आवडण्याचं' असं छापलंय, त्यामुळे जायला नकोत. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. परीक्षेत तिने कविता आवडल्याचंच लिहिलं. दहावीचं वर्ष आणि दोन मार्कांचा प्रश्न. तिच्या जागी कुणीही हेच केलं असतं. तिचा हिशेब बरोबर होता.

तेव्हापासून आम्ही दोन वह्या ठेवतो. एक परीक्षेची, तिच्यात कप्प्यांप्रमाणे उत्तरं. दुसरीत तीनच गोष्टी लिहायच्या: कवितेत मी कुठे अडखळलो, कुठला शब्द मला खोटा किंवा एकदम खरा वाटला, आणि कवीला मी काय विचारेन. गाइड उघडायचं ते त्यानंतर. गंमत म्हणजे दुसऱ्या वहीमुळे पहिलीतली उत्तरंही सुधारली. 'ओघवती भाषा'च्या जागी नेमका शब्द यायला लागला, कारण तो आधीच सापडलेला असतो.

इतिहासातून मला उचलावीशी वाटणारी गोष्ट छोटी आहे. मुक्ता हुशार आणि धीट होती, यात शंका नाही. पण तिला प्रश्न पडू देणारी शाळा होती, आणि तिचं लिहिणं झाल्यावर एका संपादकाने त्यासाठी दोन अंकांत जागा काढली. 14 वर्षांच्या मुलीचं लेखन, तेही इतकं अडचणीचं. ती जागा मिळाली नसती तर आज तिचं नावही आपल्याला ठाऊक नसतं. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत दहावीचं कुणी असेल, तर त्याला एकदा 'न आवडण्याचं कारण' लिहायला सांगा. आणि लिहून झालं की ते वाचा. मार्क देऊ नका, नुसतं वाचा आणि मग त्याच्याशी त्यावर बोला.