चौकोनी खांबांची दंतकथा

मधल्या सुट्टीत मुले फुटबॉल खेळतात तेव्हा गोल कसा आखतात हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. दोन दप्तरे किंवा दोन दगड ठेवले की झाले. खेळ सुरू होतो आणि थोड्याच वेळात भांडणही सुरू होते. चेंडू दगडाच्या आतून गेला की वरून? डोक्याच्याही वरून गेला, तर तो गोल धरायचा का? आम्हाला हे भांडण महत्त्वाचे वाटते, कारण फुटबॉलच्या मैदानावरच्या बऱ्याच वस्तू अशाच भांडणांतून आलेल्या आहेत. या वस्तूंभोवती पुढे कथाही जमत गेल्या. त्यांतल्या काही तपासून पाहता येतात. एकीची तपासणी तर वर्गात, कंपास आणि पट्टी घेऊन करता येते.

दोन खांब, वर आभाळ

२६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमधल्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे पहिले १३ नियम ठरले. मैदान जास्तीत जास्त २०० यार्ड लांब व १०० यार्ड रुंद असावे आणि त्याच्या सीमा झेंड्यांनी दाखवाव्यात, असे त्यांत होते. गोल म्हणजे एकमेकांपासून ८ यार्डांवर उभे केलेले दोन खांब. वर दांडा नाही की दोरी नाही. चेंडू त्या दोन खांबांच्या मधल्या जागेतून, कितीही उंचावरून गेला तरी गोल! म्हणजे आपल्या मुलांच्या दोन दगडांपेक्षा फार वेगळी स्थिती नव्हती.

खांबांपेक्षा उंच गेलेल्या चेंडूचे काय करायचे, हा प्रश्न येणारच होता. १८६६ साली जमिनीपासून ८ फुटांवर एक फीत बांधायचे ठरले. पण फीत मध्ये सैल पडते, वाऱ्याने हलते, आणि चेंडू तिला घासून गेला तर तो खालून गेला की वरून, हे सांगणे कठीण होते. पुढे १८७५ साली फितीऐवजी लाकडी दांडा चालेल असे ठरले आणि १८८२ साली तो सक्तीचा झाला. आजच्या पुस्तकांत गोलाचे माप ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असे दिलेले असते. हे असले आडनिडे आकडे का, असे मुले विचारतात. ते मुळात ८ यार्ड आणि ८ फूट आहेत, एवढेच त्याचे उत्तर आहे.

जाळी: पुरावा ठेवणारे साधन

दांडा आला तरी एक भांडण उरलेच. वेगाने गेलेला चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून? १८८९ साली एव्हर्टन आणि ॲक्रिंग्टन यांच्या सामन्यात अशाच एका गोलावरून वाद झाला. त्यातून लिव्हरपूलचे अभियंते जॉन अलेक्झांडर ब्रॉडी यांना गोलाच्या मागे जाळी लावण्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्यांनी तिचे पेटंट घेतले. १८९१ साली जाळीची चाचणी झाली आणि १८९२ च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात ती लावलेली होती.

हे ब्रॉडी साधे गृहस्थ नव्हते. लिव्हरपूलजवळ मर्सी नदीखालून जाणारा, १९३४ साली खुला झालेला बोगदा बांधणाऱ्या प्रमुख अभियंत्यांत ते होते. आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. नव्या दिल्लीची जागा व आखणी ठरवण्यासाठी १९१२ साली नेमलेल्या समितीत वास्तुशिल्पी ल्युटेन्स यांच्याबरोबर ब्रॉडीही सदस्य होते.

जाळीविषयी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. गोल झाला की नाही हे जाळी ठरवत नाही. ते ठरते चेंडूने रेषा पूर्ण ओलांडली की नाही यावरून. जाळी फक्त पुरावा ठेवते. म्हणूनच खेळाच्या नियमावलीत आजही जाळी ‘लावता येईल’ असे म्हटलेले आहे. तिची सक्ती त्या त्या स्पर्धेचे आयोजक करतात. आणि पुरावा देणारे साधन सदोष असले तर काय होते, हे १८ ऑक्टोबर २०१३ रोजी जर्मनीत दिसले. लेव्हरकुसेन आणि हॉफेनहाइम यांच्या सामन्यात कीसलिंग या खेळाडूचा चेंडू गोलाच्या बाहेरून गेला, बाजूच्या जाळीतल्या भोकातून आत शिरला आणि पंचांनी गोल दिला. तक्रार झाली, पण निकाल बदलला नाही. प्रयोगशाळेत मोजमाप घेण्याआधी उपकरण तपासा असे आपण का सांगतो, ते समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे अवघड.

कोपऱ्यातला त्रिकोणी झेंडा

मैदानाच्या चार कोपऱ्यांतले झेंडे पांढऱ्या रेषांच्याही आधीचे आहेत. सुरुवातीला सीमा त्यांनीच दाखवली जाई. आता रेषा आल्या, तरी झेंडे राहिले. १९९० च्या विश्वचषकात कॅमेरूनच्या रॉजर मिला यांनी गोल केल्यावर कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन नाच केला आणि गोलानंतर झेंड्याकडे धावण्याची जणू प्रथाच पडली.

या झेंड्यांविषयी ब्रिटनमध्ये एक समजूत फार पक्की आहे. ज्या क्लबने एफ. ए. कप जिंकला आहे त्यालाच त्रिकोणी झेंडे लावण्याचा अधिकार असतो, बाकीच्यांनी चौकोनी लावायचे, असे सांगतात. नियमावली उघडली तर काय दिसते? काठी किमान दीड मीटर उंच हवी आणि तिचे टोक अणकुचीदार नसावे, कारण खेळाडू तिच्यावर आदळू शकतो. झेंड्याच्या आकाराविषयी तिथे काहीही नाही. एखाद्या क्लबने आपल्या विजयाची खूण म्हणून त्रिकोणी झेंडे लावले तर ती त्याची प्रथा झाली. प्रथा आणि नियम यांतला फरक पुसला गेला की अशी समजूत तयार होते.

दांडा गोल असता तर?

आता ती मोठी दंतकथा. १२ मे १९७६ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्क मैदानावर युरोपियन कपचा अंतिम सामना झाला. एका बाजूला जर्मनीचा बायर्न म्युनिक, दुसऱ्या बाजूला फ्रान्सचा सां-एतिएन. त्या मैदानावरचे खांब व दांडा चौकोनी छेदाचे होते. पूर्वार्धात सां-एतिएनचे दोन फटके, एक बाथेने यांचा आणि एक सांतिनी यांचा, दांड्याला लागून परतले. उत्तरार्धात रोट यांनी गोल केला आणि बायर्नने सामना १-० असा जिंकला.

दांडा गोल असता तर ते चेंडू आत गेले असते, असे फ्रान्समध्ये तेव्हापासून म्हटले जाते. ‘चौकोनी खांब’ एवढे दोन शब्द उच्चारले तरी तिथल्या फुटबॉलप्रेमींना ती रात्र आठवते. हरलेल्या संघाची दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये मिरवणूक निघाली. २०१३ साली क्लबने ते खांब विकत घेऊन आपल्या संग्रहालयात ठेवले. या घटनेनंतर चौकोनी खांबांवर बंदी आली, असेही वारंवार लिहिले जाते. प्रत्यक्षात आजच्या नियमावलीतही चौकोनी, आयताकृती, गोल आणि लंबगोल असे सगळे आकार मान्य आहेत. जाडी मात्र १२ सेंटिमीटरहून अधिक चालत नाही.

पण मूळ दाव्याचे काय? चला, आकृती काढू. चेंडूची त्रिज्या ११ सेंमी आणि दांड्याची जाडी १२ सेंमी धरू. चेंडू आडवा, सरळ येतो आणि आरशावरून प्रकाश परतावा तसा परततो असे मानू.

दांडा गोल असेल तर चेंडू टेकताना दोन्ही केंद्रांमधले अंतर ११ + ६ = १७ सेंमी असते. चेंडूचे केंद्र दांड्याच्या केंद्रापेक्षा जेवढे खाली, तेवढा चेंडू खालच्या बाजूला वळतो. केंद्रांना जोडणारी रेषा आडव्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करील तेव्हा चेंडू बरोबर खाली पडेल. हे घडते केंद्र सुमारे १२ सेंमी खाली असताना. त्याहून खाली असेल तर चेंडू आत वळतो.

दांडा चौकोनी असेल तर चेंडू समोरच्या सपाट बाजूवर लागून सरळ मागे येतो, किंवा केंद्र ६ सेंमीहून खाली असेल तर खालच्या कडेवर आपटतो. कडेवर आपटून तो बरोबर खाली पडण्यासाठी केंद्र सुमारे ६ + ७.८, म्हणजे १३.८ सेंमी खाली असावे लागते.

म्हणजे १२ ते १३.८ सेंमी ही जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरची पट्टी अशी आहे, की तिथे गोल दांडा चेंडूला आत पाठवील आणि चौकोनी बाहेर. चेंडू दांड्याच्या खालच्या अर्ध्या भागाला लागू शकतो ती एकूण पट्टी १७ सेंमीची. उरलेल्या १५ सेंमीत दांड्याच्या आकाराने निकाल बदलत नाही. चेंडूची फिरकी आणि त्याचे दबणे आपण धरलेले नाही. चेंडू तिरका वर चढत किंवा खाली उतरत आला तर ही पट्टी सरकेल, लहानमोठीही होईल. ते विद्यार्थ्यांनी स्वतः आकृती काढून पाहावे.

तेव्हा ही दंतकथा अगदीच निराधार नाही. आकाराने फरक पडतो. पण ती खरी ठरायची तर चेंडू त्या अरुंद पट्टीतच लागायला हवा. ‘गोल दांडा असता तर नक्की गोल झाला असता’ यातला ‘नक्की’ हा शब्द भूमितीतून येत नाही, तो हरल्याच्या दुःखातून येतो. त्या दुःखाची चेष्टा करण्याचे कारण नाही. वर्गात एखादा विद्यार्थी अशी कथा घेऊन आला तर ‘खोटे आहे’ म्हणून त्याला गप्प बसवू नये. त्याच्या हाती कंपास द्यावा आणि विचारावे, ‘किती सेंटिमीटर?’