भरलेली ट्रॉली आणि वजनाची मर्यादा

बुलडाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाट लागतो. चढावर दमलेला ट्रॅक्टर सर्वांच्या नजरेत भरतो. धोका मात्र उतारावर अधिक असतो. भरलेली ट्रॉली मागून रेटू लागली की इंजिन किती अश्वशक्तीचे आहे, याला फारसा अर्थ उरत नाही. ओझे ओढण्याची क्षमता आणि ते थांबवण्याची क्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जिल्ह्यात ट्रॉलीतून कापूस जातो, सोयाबीन जाते आणि पूर्णा, खडकपूर्णा नद्यांची रेतीही जाते. ट्रॉली तीच, पण वजन निराळे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एवढ्या जागेत सुटा कापूस जेमतेम काही क्विंटल बसतो, सोयाबीन सुमारे दोन टन भरते आणि कोरडी रेती साडेचार टनांच्या आसपास जाते. ओली रेती त्याहून जड. त्यामुळे खामगावच्या बाजारपेठेकडे निघालेली, कापसाने फुगलेली गाडी डोळ्यांना अवजड वाटते. फळीच्या खालपर्यंतच रेती असलेली गाडी निरुपद्रवी भासते. (कापसाच्या गाडीचा धोका वजनात नसून उंचीत आणि बाहेर आलेल्या बाजूंत असतो; वळणावर ती कलंडते.)

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या दृष्टीने ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. तिची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी होते. नोंदणी पुस्तकात रिकाम्या वाहनाचे वजन आणि मालासह एकूण वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केल्यावर जे उरते, तेवढाच माल भरता येतो. एकूण वजनालाच मालाचे वजन समजण्याची चूक सर्रास होते. शंका असल्यास ट्रॉली आधी रिकामी आणि नंतर भरून वजनकाट्यावर घ्यावी. मर्यादा ओलांडल्यास, २०१९ च्या सुधारणेनुसार, २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही.

दंडापेक्षा गणित अधिक बोलके आहे. मध्यम ट्रॅक्टरचे वजन साधारण दोन टन असते. दीड टनाची ट्रॉली आणि साडेचार टन रेती मिळून मागे सहा टन, म्हणजे ट्रॅक्टरच्या तिप्पट ओझे झाले. शेतीच्या बहुसंख्य ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, तर ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्या दोन चाकांवरच असतात. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी लागणारे अंतर जवळजवळ चौपट होते. घाट उतरण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे इंजिनाचा रोध हातचा घालवणे होय. शेतात सोयीचे असलेले डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येताना खटक्याने एकत्र जोडलेच पाहिजेत. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याला ढकलत नेते.

माल कोठे ठेवला, यालाही तितकेच महत्त्व आहे. दुचाकी ट्रॉलीत भार फार पुढे आला तर जोडदांडा दाबला जातो, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टीअरिंग दाद देत नाही. भार मागे गेला तर दांडा वर उचलला जातो, मागच्या चाकांची पकड सुटते. जोडणीच्या पिनीला खालून अटकावाची क्लिप असावी. साखळी हा दुसरा आधार. मागच्या फळीवरील लाल रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेले असतील, तर रात्री उभी ट्रॉली मागून येणाऱ्यास दिसतच नाही.

मालावर माणसे बसवण्याची सवय याहून जीवघेणी आहे. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरील लोखंडी सळयांचा टिपर उलटला आणि १३ मजुरांचा मृत्यू झाला. ते वाहन ट्रॉली नव्हते. परंतु सुट्या मालावर बसलेल्या माणसांची स्थिती दोन्हीकडे सारखीच असते. वाहन कलंडताच माल त्यांच्या अंगावर येतो. बाजारातून परतणारी रिकामी ट्रॉली मजुरांनी भरते, तेव्हा तिला ना आसन असते, ना धरण्यास दांडी.