गुलाम महाराज

गुलाम महाराज (मृत्यू १९३८) : भिल्ल समाजातील संत आणि ‘आप’ पंथाचे प्रवर्तक. गाव मोरवड, तालुका तळोदे. त्या काळी पश्चिम खानदेशात असलेला हा सातपुड्याच्या पायथ्याचा मुलूख १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.

१९३७-३८ च्या सुमारास दर सोमवारी त्यांच्याकडे आरतीला हजारो आदिवासी जमत. शिकवण थोडक्यात सांगता येण्याजोगी होती: रोज आंघोळ करा, दारू-मांस सोडा आणि समोर कोणीही असो, त्याला ‘आप’ म्हणा. सावकार-जमीनदारांकडून जन्मभर अरेतुरे ऐकलेल्यांनी एकमेकांना, अगदी पोराबाळांनाही मान द्यायचा, हा यातला सर्वांत धीट भाग.

दारू सोडणे मात्र अवघड होते. फाल्गुन-चैत्रात गळणारी मोहाची फुले वेचायची, वाळवायची, पाण्यात आंबवायची आणि मडक्यात उकळून धार धरायची, ही विद्या घरोघरची. लग्न असो, मयत असो की देवकार्य, दारूवाचून ते पार पडत नसे. पिण्याआधी देवा-पूर्वजांच्या नावाने दोन थेंब जमिनीवर सांडायचे. म्हणजे व्यसनाबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची रीतही सोडायची होती. त्यात अबकारी कायद्याने घरच्या गाळपावर बंधने आणल्यामुळे पैसा दुकानदाराच्या गल्ल्यात जाई. दक्षिण गुजरातेतल्या आदिवासींनी १९२२ च्या ‘देवी’ चळवळीत दारूबंदीचीच वाट धरली होती.

गुलाम महाराजांना त्यांचे विचार लिहून ठेवणारा लेखक लाभला नाही. त्यांची शिकवण टिकली ती आरतीत आणि लोकांच्या रोजच्या वागण्यात. त्यांच्यामागे बंधू रामदास महाराजांनी पंथ सांभाळला. सरकारची वक्रदृष्टी ओढवून त्यांनी हद्दपारीही भोगली.

पुढची पिढी वेगळ्या प्रश्नांना भिडली. शहादे तालुक्यातील भजन गाणारे कार्यकर्ते अंबरसिंग महाराज (मृत्यू १९७४) यांनी हिसकावलेल्या जमिनी आणि मजुरीसाठी भिल्लांना संघटित केले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्या शिबिरांतून उठलेल्या आदिवासी बायकांनी गावोगावच्या दारूच्या गुत्त्यांवर चाल करून मडकी फोडली. त्यांचा राग नवऱ्यांच्या मारहाणीतून आलेला होता, पंथाच्या आज्ञेतून नव्हे. पण दारू सोडणे हा आपल्या माणसांच्या मानाचा प्रश्न आहे, हे या मुलखात मोरवडच्या आरतीने पस्तीस वर्षे आधीच सांगितले होते.