पोटातल्या चौदा सुया

पिसाळलेला कुत्रा चावल्यावर बेंबीभोवती चौदा दिवस टोचून घ्यावी लागणारी लस महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात तिच्या वेदनेमुळे राहिली आहे. पण ती लस मेंढीच्या मेंदूपासून तयार होत असे, हे टोचून घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते, आणि त्या मेंदूमुळेच काही जणांच्या शरीराने त्यांच्या स्वतःच्या मेंदूवर व मज्जारज्जूवर हल्ला चढवला, हे तर त्याहूनही थोड्यांना. शरीराची प्रतिकारयंत्रणा परक्या जंतूंऐवजी आपल्याच पेशींवर उलटते, त्या विकारांना स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. मल्टिपल स्क्लेरोसिस, गियाँ-बारे यांसारख्या मज्जासंस्थेच्या विकारांकडे आज याच दृष्टीने पाहिले जाते. या दृष्टीचा उगम शोधू गेल्यास वाट प्रयोगशाळेतून निघून थेट कुत्रा चावलेल्या माणसांच्या रांगेपाशी येते, कारण मज्जासंस्थेवर असा हल्ला होऊ शकतो याचा पहिला ठोस पुरावा जीव वाचवण्यासाठी दिलेल्या या लसीनेच पुरवला.

लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी अल्सास प्रांतातील जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर आपला उपचार सुरू केला, तेव्हा त्यांच्यापाशी रेबीजचा जंतू वेगळा काढण्याचे कोणतेही साधन नव्हते. हा रोग मज्जासंस्थेत वाढतो एवढे मात्र त्यांना माहीत होते. म्हणून सशांमध्ये रोग वाढवून मेलेल्या सशाचा मज्जारज्जू काढायचा, तळाशी कॉस्टिक पोटॅश ठेवलेल्या काचेच्या कुपीत तो दोऱ्याने टांगून कोरड्या हवेत सुकवायचा, आणि सर्वाधिक दिवस सुकलेल्या, म्हणजे सर्वांत निर्बल झालेल्या रज्जूपासून आरंभ करून रोज अधिक ताज्या रज्जूचा घोल टोचत जायचे, अशी ती रीत होती. त्या मुलाला अशा तेरा मात्रा दिल्या गेल्या आणि तो जगला. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ निश्चितपणे दगावतो, त्यामुळे लक्षणे उमटण्यापूर्वीच शरीराला सज्ज करणारा हा उपाय जगभर पसरला, यात नवल नाही. मात्र रोगाविरुद्ध शिकवण देणारा प्रत्येक थेंब प्राण्याच्या मज्जासंस्थेतून आलेला होता, आणि जंतूबरोबर ती मज्जासंस्थाही माणसाच्या शरीरात जात होती.

हिंदुस्थानात कुत्रा चावलेल्या गोऱ्या सैनिकांना आरंभी समुद्रमार्गे पॅरिसला पाठवले जाई. एवढ्या लांबच्या प्रवासात मोलाचे दिवस वाया जात, आणि सामान्य हिंदी माणसाला तर ती वाट खुलीच नव्हती. १९०० मध्ये सिमल्याजवळच्या कसौली येथे पाश्चर संस्था उघडली, १९०७ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे दुसरी आली, आणि कुत्रा चावलेली माणसे गावोगावहून या थंड डोंगरांवर येऊ लागली. कसौलीचे डेव्हिड सेंपल हे लष्करी वैद्यकातील डॉक्टर होते. आल्मरॉथ राइट यांच्यासह टायफॉइडच्या लसीवर १८९७ मध्ये त्यांनी काम केले होते, आणि मारलेले जंतूही संरक्षण देऊ शकतात हा धडा त्यांनी तिथेच घेतला होता. हाच धडा त्यांनी रेबीजला लावला. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत रोगबाधित मेंदूचा घोल कार्बोलिक आम्लात, म्हणजे फिनॉलमध्ये, शरीराच्या तापमानाला ठेवून जंतू मारला जाई. पुढे सशाच्या जागी मेंढी आली, कारण एका मेंढीच्या मेंदूतून पुष्कळ लस निघते आणि मेंढी सर्वत्र मिळते.

या बदलाचे महत्त्व कमी लेखणे योग्य होणार नाही. पाश्चर यांची लस ताजी तयार करून जागीच द्यावी लागे, तर सेंपल यांची लस बाटलीत भरून टपालाने जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत पोचवता येई. त्यामुळे कसौलीचा प्रवास टळला आणि उपचार रोग्याच्या दाराशी आला. परळच्या हाफकिन संस्थेतही ही लस तयार होत असे आणि मुंबई इलाख्यातील, पुढे महाराष्ट्रातील, असंख्य माणसांचे प्राण तिने वाचवले.

तिचा एक डोस नीट पाहिला म्हणजे पुढची सारी गोष्ट उलगडते. लसीत साधारणपणे ५ टक्के मेंदू असे, म्हणजे ५ मिलिलिटरच्या एका इंजेक्शनात पाव ग्रॅम. गढूळ, दुधट दिसणारा हा द्राव इतका असे की दंडात मावत नसे; म्हणून पोटाची सैल कातडी निवडली जाई आणि रोज जागा बदलत बेंबीभोवती सुई टोचली जाई. चौदा दिवसांत अशा प्रकारे साडेतीन ग्रॅम मेंढीचा मेंदू माणसाच्या कातडीखाली साठे. जंतूपासूनचे संरक्षण देणारा भाग त्यात अगदी अल्प होता. उरलेले जवळजवळ सर्व म्हणजे मज्जापेशी आणि मज्जातंतूंभोवतीचे चरबीयुक्त वेष्टन, ज्याला मायलिन म्हणतात. विजेच्या तारेवर जसे रबराचे आवरण असते तसे हे वेष्टन तंतूवरून जाणारा संदेश जपते, आणि मेंढी, ससा, माकड व माणूस यांच्यातील त्याची घडण एकमेकांशी फार जुळती आहे.

घात या साधर्म्यातच होता. काही रोग्यांना लस सुरू झाल्यावर बहुधा दोनेक आठवड्यांत ताप येई, डोके दुखे, पाय लुळे पडत, लघवी अडे. काहींची शुद्ध हरपे, काही दगावत आणि काही कायमचे अपंग होत. पाश्चर यांच्याच काळात अशा घटना घडल्या होत्या, आणि उपचारातून माणसाला रेबीज दिला गेला असा आरोप पॅरिसच्या वैद्यक अकादमीत झाला होता. शंका पूर्णपणे निराधार म्हणता येत नव्हती, कारण रेबीजचाही एक प्रकार पक्षाघातासारखा असतो. तेव्हा रोग्याला कुत्र्याने मारले, लसीतील जिवंत जंतूने मारले की आणखी कशाने, हे खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला सांगता येत नसे. पण मेलेल्यांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असता चित्र रेबीजचे दिसेना: बारीक शिरांभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी, तिच्या आसपास मायलिन विरघळून गेलेले, आणि आतला तंतू मात्र बराचसा शाबूत. शिवाय फिनॉलने जंतू मारलेल्या लसीनंतरही हे अपघात थांबले नाहीत. टँजिअरच्या पाश्चर संस्थेचे पॉल रेमलिंजे यांनी देशोदेशींच्या संस्थांकडून अशा अपघातांच्या नोंदी जमवल्या, आणि १९२७ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेबीज परिषदेत या प्रश्नावर चर्चा झाली. पुढे लीग ऑफ नेशन्ससाठी जगभरच्या उपचारांच्या आकड्यांची छाननी अँडरसन मॅकेंड्रिक यांनी केली. ते स्वतः कसौलीचे संचालक राहिले होते.

जंतू दोषी नसेल तर मेंदूच दोषी असला पाहिजे, हा तर्क सरळ होता. पण तो स्वीकारणे अवघड होते. पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे प्रतिपादले होते की शरीर स्वतःला विषारी ठरेल अशी प्रतिक्रिया टाळते, आणि त्यांच्या या मताचा दबदबा मोठा होता. व्हिएन्नात १९२५ मध्ये सशांना माणसाच्या मज्जारज्जूचा घोल टोचून त्यांच्यात पक्षाघात घडवल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु निर्णायक काम झाले ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. थॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाचा निरोगी मेंदू, ज्यात कोणताही जंतू नव्हता, माकडांना आठवड्यातून अनेकदा, महिनोन्‌महिने टोचला, आणि त्यांतील काही माकडांच्या मेंदूत व मज्जारज्जूत शिरांभोवती मायलिन नष्ट झाल्याचे १९३३ मध्ये जाहीर केले. १९३५ मध्ये याची पुष्टी केली. लसीच्या अपघाताची ही प्रयोगशाळेतील हुबेहूब प्रतिकृती होती. रिव्हर्स विषाणुशास्त्रज्ञ होते आणि प्रश्नही त्यांनी लसीचाच घेतला होता. उत्तर मात्र एका संपूर्ण नव्या रोगवर्गाचे मिळाले.

पुढची पायरी १९४७ ची. एल्विन केबट यांनी, आणि स्वतंत्रपणे पोलिओच्या लसीवर काम करणाऱ्या इझाबेल मॉर्गन यांनी, मेंदूच्या घोलात तेल व मृत क्षयजंतू यांचे मिश्रण घातले. प्रतिकारयंत्रणेला चेतवणाऱ्या अशा मिश्रणाला सहायक द्रव्य म्हणतात; त्याच्या साहाय्याने महिन्यांचे काम थोड्याच इंजेक्शनांत आणि काही आठवड्यांत होऊ लागले. केबट यांचा नंतरचा एक प्रयोग कठोर असला तरी त्याने सर्व शंका मिटवली: माकडाच्या मेंदूचा पुढचा एक भाग शस्त्रक्रियेने काढून तोच त्याला टोचला असता तेही माकड आजारी पडले. परका मेंदू लागतच नव्हता. स्वतःचा मेंदूही पुरेसा होता. एर्लिख यांच्या नियमाचा अपवाद येथे हातात धरून दाखवता येत होता. १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी आजारी उंदरांच्या लसीका ग्रंथींतील पेशी निरोगी उंदरांना देऊन तोच रोग घडवला, आणि हल्लेखोर या पेशी आहेत हे स्पष्ट झाले.

उपचाराची वाट या प्रायोगिक रोगातून निघाली, आणि ती सरळ नव्हती. इस्राएलमधील वाइझमान संस्थेत मायकेल सेला, रूथ आर्नोन व ड्वोरा टाइटेलबाउम यांनी मायलिनमधील एका प्रथिनाची नक्कल म्हणून चार अमिनो आम्लांच्या साखळ्या कृत्रिमरीत्या तयार केल्या. त्या प्राण्यांत रोग निर्माण करतील अशी अपेक्षा होती, पण १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्या रोगाला रोखणाऱ्या ठरल्या. त्यापासून बनलेल्या ग्लाटिरामेर या औषधाला मल्टिपल स्क्लेरोसिससाठी अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. रक्तातील प्रतिकारपेशींना मेंदूच्या शिरांच्या भिंतीवर चिकटू न देणारे नाटालिझुमाब हेही १९९२ मध्ये उंदरांच्या याच रोगावर आजमावलेल्या कल्पनेतून आले. १९६० च्या आधीचे डॉक्टर तीव्र आजारात कॉर्टिसोनसारखी स्टिरॉइडे वापरत होतेच, आणि लसीच्या अपघातातील रोग्यांनाही तीच दिली जात. गियाँ-बारे विकारात, जिथे मेंदूबाहेरच्या नसांवर हल्ला होतो, स्टिरॉइडांचा उपयोग होत नाही. तिथे रक्तातील द्रव काढून बदलण्याचा उपचार १९८५ मध्ये आणि रक्तदात्यांच्या प्रतिद्रव्यांचा, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचा, उपचार १९९२ मध्ये चाचण्यांतून सिद्ध झाला.

माकडांवरील प्रयोगांना माणसाचा थेट दुवा मिळाला तो बँकॉकमध्ये. थिराव्हट हेमचुदा व सहकाऱ्यांनी सेंपल लसीनंतर आजारी पडलेल्या थाई रोग्यांच्या रक्तात मायलिनमधील त्याच प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये १९८७ मध्ये दाखवली. या तारखेकडे लक्ष द्यावे. रिव्हर्स यांच्या माकडांनंतर चोपन्न वर्षे उलटली होती आणि ही लस तेव्हाही आशियात दिली जात होती. मायलिन टाळण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही: चिलीत फुएन्झालिदा व पालासिओस यांनी १९५५ मध्ये उंदरांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलांच्या मेंदूची लस काढली, कारण त्या वयात मायलिन फारसे तयार झालेले नसते, आणि तिच्यानंतर मेंदूऐवजी नसांवरचे आघात दिसू लागले. खरा तोडगा मज्जासंस्थेला पूर्णपणे वगळण्यात होता. अमेरिकेतील विस्टार संस्थेत मानवी पेशींच्या संवर्धनात जंतू वाढवून तयार केलेली लस १९७० च्या दशकात इराणमध्ये पिसाळलेल्या लांडग्यांनी व कुत्र्यांनी चावलेल्या माणसांना दिली गेली आणि ती यशस्वी ठरली. त्या लसीत मायलिन नव्हतेच. मात्र ती महाग होती, आणि भारतात मेंढीच्या मेंदूची लस सरकारी दवाखान्यांत फुकट मिळत राहिली. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे असत त्याने दंडात चार-पाच सुया घ्यायच्या आणि ज्याच्या नसत त्याने पोटात चौदा, अशी ती विभागणी होती. रेबीजचा मृत्यू निश्चित असल्याने दुसरा पर्याय नसताना ही लस देणे योग्यच होते. पण पर्याय उपलब्ध झाल्यावरही जवळजवळ तीन दशके गरीब रोग्यानेच हा धोका सोसावा, याचे समर्थन किमतीच्या हिशेबाखेरीज कशानेही करता येत नाही, आणि तो हिशेबही अपंग झालेल्या माणसाचे पुढचे आयुष्य धरून कधी मांडला गेला नाही.

भारताने या लसीचे उत्पादन डिसेंबर २००४ मध्ये बंद केले. पेशीसंवर्धित लस कातडीच्या आत दंडावर दोन जागी प्रत्येकी अवघी ०.१ मिलिलिटर देण्याची पद्धत, जी थायलंडमध्ये आधी रुळली होती, २००६ पासून येथे मान्य झाली, आणि तिने खर्चाची अडचण पुष्कळ अंशी हटवली. त्यापूर्वी, पाय अचानक लुळे पडलेला किंवा लघवी अडलेला रोगी सरकारी रुग्णालयात आला की त्याच्या नातेवाइकांना ‘गेल्या महिन्याभरात कुत्रा चावला होता का, पोटात सुया घेतल्या का’ असे विचारणे निदानासाठी अत्यावश्यक असे. नव्या डॉक्टरांना हा प्रश्न आता विचारावा लागत नाही.